फरशीखालचे ऊन

आम्ही ग्वाल्हेरचे असे म्हटले की दक्षिणेकडील आप्तांच्या डोळ्यांसमोर प्रथम येथला उन्हाळा उभा राहतो. ते खोटेही नाही. मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि भर दुपारी लष्करच्या गल्ल्यांतून कुत्रेही हिंडताना दिसत नाही. परंतु याच गावी डिसेंबर-जानेवारीत थंडी अशी पडते की, दगडी वाड्यात राहणाऱ्याला घरापेक्षा चौकातच अधिक ऊब वाटावी. पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो. एखाद्या वर्षी दोन-तीनवरही उतरतो. पुण्यामुंबईच्या पाहुण्याने त्या दिवसांत आमच्या माजघरातील फरशीवर अनवाणी पाऊल ठेवले, की तो दचकून चपला शोधू लागतो. हा लेख त्या फरशीविषयी आहे, आणि थोडा आमच्या आईविषयी.

२०२१ सालच्या जानेवारीतील गोष्ट. आईला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. वीस वर्षांची असताना ती या वाड्यात सून म्हणून आली, आणि माजघर हीच तेव्हापासून तिची खोली. थंडीच्या रात्री उशाशी कोळशाची शेगडी ठेवून निजण्याचा तिचा परिपाठ. आम्ही उभयता नको म्हणत असू, आणि ती "बरं" म्हणून आम्ही वर गेल्यावर शेगडी आत ओढून घेत असे. रोज पाचाच्या सुमारास तिचे स्तोत्र म्हणणे जिन्यापर्यंत ऐकू येते. त्या दिवशी साडेपाच झाले, सहा वाजत आले, तरी खाली शब्द नाही. दार आतून लावलेले. हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी खांदा देऊन कडी उखडली. आई अंथरुणावर अर्धवट शुद्धीत होती. डोळे उघडे, पण ओळख नाही. शेगडीतील निखारे अजून लाल होते. तिला तसेच उचलून चौकात आणले, आणि तेथून रुग्णालयात.

प्राणवायू लावल्यावर दुपारपर्यंत ती सावरली. डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन जे सांगितले, ते प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. बंद खोलीत कोळसा जळू लागला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराप्रमाणे तो डोळ्यांनाही झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट या वायूला धरून ठेवते. माणूस झोपेतच गुदमरतो आणि त्याला जागही येत नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या छापून येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर..." एवढे बोलून डॉक्टर थांबले. पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

शेगडी त्याच दिवशी माळ्यावर गेली. परंतु प्रश्न सुटला नव्हता. आईला ऊब कोठून द्यावयाची?

पुण्याहून धाकट्या काकांचा फोन आला. त्यांचे म्हणणे सरळ होते. वाडा विकून टाकावा. एक बांधकाम व्यावसायिक दोन वर्षांपासून मागे लागला आहे. आलेल्या पैशांत सर्वांना सदनिका होतील आणि वहिनींनाही सुख लागेल. काकांचा वाड्यात निम्मा वाटा. त्यामुळे त्यांचे बोलणे ऐकून सोडून देण्यासारखे नव्हते. आमच्या आळीतील तीन वाडे गेल्या पंधरा वर्षांत पडले आणि त्यांच्या जागी दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या. रुग्णालयातून परतलेल्या आईच्या कानांवर हे कोणी घातले, ठाऊक नाही. ती एवढेच म्हणाली, "चौसष्ट वर्षं थंडीनं मेले नाही. आता ऊब द्यायची म्हणून घरातून काढू नका."

आमच्या वाड्याच्या दरवाजावर संवत् १९५१ असे कोरलेले आहे. म्हणजे इसवी सन १८९४ च्या सुमाराचे हे बांधकाम. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे तळ दिला आणि छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्यानंतर तीन पिढ्यांनी आमच्या पणजोबांनी हे घर बांधले. भिंती अडीच फूट जाडीच्या, दगड आणि चुन्याच्या, छत चौदा फूट उंच, त्यावर येथल्या खाणीतील दगडी पटिया, खिडक्या लहान. उन्हाळ्यासाठी याहून शहाणे घर बांधता येणार नाही. पण जो दगड उन्हाळ्यात शीतळ राहतो, तोच हिवाळ्यात वैरी होतो. एकदा थंडावला की तो दोन महिने तापत नाही. विजेचा हीटर लावून पाहिला. तापलेली हवा हलकी, ती चौदा फूट वर जाऊन छताला भेटते. खाली बसलेल्या माणसाचे गुडघे जसेच्या तसे गारठलेले! शिवाय थंडी केवळ हवेने वाजत नाही. आपले अंग भोवतीच्या गार भिंतींना आणि जमिनीला सतत उष्णता देत असते. म्हणून हवा ऊबदार असूनही दगडी खोलीत अंगावर काटा राहतो.

हे सारे आम्हांला आमच्या बडोद्याच्या भाच्याने समजावून सांगितले. तो यंत्रशास्त्राचा अभियंता. आजीच्या आजारपणाची बातमी ऐकून तो आला होता. माजघरात मांडी घालून बसला, फरशीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "मामा, हवा कशाला तापवता? ही फरशीच तापवा." फरशीखाली नळ्यांचे वेटोळे घालायचे, त्यातून कोमट पाणी फिरवायचे, आणि ते पाणी गच्चीवरच्या उन्हाने तापवायचे, अशी त्याची कल्पना. आम्हांला प्रथम ती परदेशी मासिकातील चित्रासारखी वाटली. मागाहून कळले की यात नवे फारच थोडे आहे. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी स्नानगृहांच्या जमिनी विटांच्या खुंटांवर उचलून त्यांच्या पोकळीतून भट्टीची ऊष्ण हवा खेळवीत. कोरियात स्वयंपाकाच्या चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेण्याची रीत फार जुनी; तिला ओंडोल म्हणतात, आणि आजच्या तेथील घरांतही जमीनच तापवितात, फक्त धुराऐवजी पाण्याने. काश्मीरमधील मशिदींना जोडलेल्या हमामांत दगडी फरशीखाली लाकडे जाळतात आणि हिवाळ्यात माणसे त्या फरशीवर बसून असतात. आपल्याकडे घरोघरी तांब्याचा बंब होता. तोही थोड्या इंधनात पुष्कळ पाणी तापविण्याचीच युक्ती.

पहिली पायरी न्हाणीघराची होती. आईला बादलीभर कढत पाणी उचलावे लागू नये, एवढाच हेतू. २०२१ च्या दिवाळीपूर्वी गच्चीवर काचेच्या निर्वात नळ्यांचा, दोनशे लिटरचा सौर बंब बसविला. याला पंप लागत नाही, वीजही लागत नाही. नळीतले पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी त्याच्या जागी खाली उतरते. दिवसभर हे चक्र आपले आपण चालते. टाकीला जाड वेष्टन असल्याने संध्याकाळचे पाणी पहाटेपर्यंत गरम राहते. हिशेब करायचा तर शंभर लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेची पाच युनिटांहून थोडी अधिक लागतात. तेवढी वीज रोज वाचते.

परंतु येथेच पहिला धडा मिळाला. बसविणारी मंडळी नव्या इमारतींना सरावलेली. त्यांनी टाकीचा घोडा गच्चीच्या मधोमध ठेवला आणि पाणी भरून निघून गेली. भरलेली टाकी, नळ्या आणि घोडा मिळून भार तीनशे किलोंच्या आसपास. आठवड्याने आमचे जुने मिस्त्री सहज भेटीस आले. त्यांच्या वडिलांनीही याच वाड्याच्या पटिया बदलल्या होत्या. वर जाऊन आले ते तोंड उतरवूनच. "बाबूजी, पटिया बोल रही है, आपने सुना नहीं?" खालून पाहिले तो दगडी पटियेच्या मध्यावर केसासारखी रेघ उमटलेली. त्याच दिवशी टाकी रिकामी करून ती जाड भिंतीच्या माथ्यावर हलविली. जुन्या घरात भार भिंतीला द्यावा, छताला देऊ नये, ही गोष्ट त्या निरक्षर माणसाला ठाऊक होती, पदवीधरांना नव्हती. त्या पटियेखाली आम्ही पुढे लोखंडी तुळई दिली. ती अजून तेथे आहे आणि आमच्या घाईची आठवण करून देते.

फरशीचे काम मात्र आईच्या संमतीवाचून करावयाचे नाही, असे आम्ही ठरविले होते. आणि आई संमती देईना. कारण विचारले तर खर्चाचे सांगे. खरे कारण एका संध्याकाळी बाहेर पडले. "फरशी उखडली की वाडा उखडला," ती म्हणाली. "शेजारी असंच झालं. आधी दुरुस्ती म्हणाले, मग दरवाजा काढला, मग यंत्र आलं. तुम्ही मला फसवताय असं नाही म्हणत मी. पण भाऊजींनी सही मागितली तर तुम्ही नाही म्हणाल?"

या प्रश्नाला तत्काळ उत्तर देणे आम्हांला जमले नाही, हे कबूल केले पाहिजे. मुलांची शिक्षणे, आमची निवृत्ती, वाड्याचा न संपणारा खर्च, यांमुळे विक्रीचा विचार आमच्याही मनात येऊन गेला होता. त्या रात्री आम्ही उभयता बराच वेळ बोलत बसलो. आई आहे तोवर वाडा विकावयाचा नाही, असे आम्ही सकाळी तिला सांगितले आणि काकांनाही तसे पत्राने कळविले. फोनवर सांगणे सोपे होते. पण पत्र मागे राहते. काका रागावले. दीड वर्ष त्यांनी फोन केला नाही. फरशीची खरी किंमत ही होती. पैशांची किंमत त्यापुढे थोडी.

आईने मग एकच अट घातली. "उखळ हलवायचं नाही." माजघराच्या कोपऱ्यात जमिनीतच बसविलेले दगडी उखळ आहे. नव्या नवरीच्या हातांना त्याच उखळात कांडताना पहिले फोड आले, असे ती सांगते. नळ्यांनी उखळाला वळसा घालायचा असे ठरले.

२०२२ च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले. प्रत्येक फरशीला क्रमांक देऊन कागदावर नकाशा काढला, मग पहारीने एकेक फरशी उचलली. पहिल्या दिवशी आलेल्या ठेकेदाराने यंत्र लावले आणि तासाभरात दोन फरश्या फोडल्या. त्याला नमस्कार करून परत पाठविले आणि काम मिस्त्रींच्या हाती दिले. त्या ठेकेदाराचा बेत सबंध जमिनीवर सिमेंटचा गिलावा ओतण्याचा होता. मिस्त्री त्याचेही ऐकेनात. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतील ओल ती शोषते आणि वाऱ्यावर सोडते. सिमेंटने जमीन कोंडली की ती सगळी ओल भिंतीच्या पायथ्याशी चढते, लोणा लागतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून खाली रोडा-चुना कुटून घेतला, त्यावर पाणी न शोषणारी पाच सेंटिमीटर जाडीची कठीण फोमची फळी घातली, नाहीतर उष्णता पाताळात जावयाची! भिंतीलगत मात्र वीतभर पट्टी मोकळी सोडून तेथे वाळू आणि चुनाच भरला. फळीवर पंधरा सेंटिमीटर अंतराने नळी अंथरली. ही नळी विशेष प्रकारच्या पॉलिथिनची, न गंजणारी. पन्नास-पन्नास मीटरची दोन वेटोळी. जमिनीखाली एकही सांधा नाही. झाकण्यापूर्वी नळ्यांत दाबाने पाणी भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी दाब जागचा हलला नाही, हे डोळ्यांनी पाहिले. मगच वर चुना, वाळू आणि सुरखीचा थर, आणि त्यावर क्रमांकाने त्याच जुन्या फरश्या. फुटलेल्या दोन फरश्यांचे तुकडे जोडून पलंगाखाली बसविले. चुन्याला पाणी पाजून सावकाश वाळू दिले. दिवाळीपर्यंत नळीत गरम पाणी सोडले नाही.

गच्चीच्या मागील बाजूस, रस्त्यावरून दिसणार नाहीत असे, चार सपाट सौर पट्ट दक्षिणेकडे तोंड करून उभे केले. प्रत्येकी दोन चौरस मीटरचा. ग्वाल्हेर २६ अक्षांशांवर आहे. पण हिवाळ्यातील सूर्य खाली असतो, म्हणून पट्ट ४० अंशांनी कलते ठेवले. फरशीतले पाणी स्वतंत्र, बंद चक्रातले. येथले पाणी जड असल्याने रोज नवे पाणी फिरविले तर नळ्यांत क्षार बसतील. तापलेले पाणी थेट फरशीत सोडत नाहीत. एक मिश्रणाची तोटी त्यात गार पाणी मिसळून ते ४० अंशांवर आणते. फरशीचा पृष्ठभाग २६-२७ अंशांवर राहतो. २९ च्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर पाय जड होतात, असे भाच्याने बजावले होते. दगड तापायला चार-पाच तास घेतो, हा दोष वाटला होता. तोच गुण ठरला. सकाळी दहापासून चारपर्यंत ऊन फरशीत साठते आणि रात्रभर हळूहळू बाहेर येते. पूर्वी पहाटे माजघरात १२ अंश असत. त्या डिसेंबरात १८ दिसू लागले.

आम्ही आनंदात होतो, आणि तेवढ्यात धुके आले. २०२२ चा डिसेंबर संपताना आणि २०२३ च्या जानेवारीच्या आरंभी सारा उत्तर भाग धुक्यात बुडाला होता. जेव्हा सूर्याची गरज सर्वाधिक, नेमका तेव्हाच सूर्य नाही! तीन दिवसांत फरशी पूर्ववत थंडगार. चौथ्या दिवशी आई काही बोलली नाही. पण माळ्याकडे पाहत होती. आम्ही तेव्हाच विजेची तार असलेली कांडी पाण्याच्या टाकीत बसवून घेतली. त्या महिन्याचे बिल पाहून मात्र आम्ही गप्प झालो. सूर्यावर विसंबावे, पण त्याच्या रजेची तरतूद करून ठेवावी, हा दुसरा धडा. तिसरा उन्हाळ्याचा. एप्रिल लागला की फरशीचे चक्र बंद करून पट्टांवर ताडपत्री घालावी लागते, नाहीतर आत पाणी उकळू लागते.

वाचकांपैकी कोणाचा जुना वाडा असेल आणि हे वाचून उत्साह वाटला असेल, तर आमचे सांगणे असे: आधी न्हाणीघराचा सौर बंब बसवावा, तो सोपा आहे आणि त्याचे पैसे लवकर वसूल होतात. फरशीचे काम एकाच खोलीपुरते करावे, आणि तेही तळमजल्यावर. वरच्या मजल्याला चुन्याचा एवढा भार सोसणार नाही. जुना मिस्त्री सापडल्यावाचून पहार उचलू नये. आणि हे सर्व करून पैसे वाचतील अशी आशा धरू नये. आम्हांला आला तो खर्च मोटारसायकलीहून अधिक आणि मोटारीहून कमी होता. तो विजेच्या बचतीतून आमच्या हयातीत भरून येणार नाही.

२०२४ च्या संक्रांतीला काका अचानक आले. हातात पिशवी, पिशवीत कागद. ते काय असावेत, हे सर्वांना कळले. आईने त्यांना माजघरातच बसविले. गुडघ्यांमुळे खुर्ची मागणारे काका थोड्या वेळाने पायमोजे काढून फरशीवर उतरले. दीर-भावजय दुपारभर तेथे बसून तीळ निवडीत होते. मध्येच काका जुन्या खुणा शोधीत फरशीवरून हात फिरवीत. तीन दिवस राहिले. निघताना म्हणाले, "वहिनी, वाटणीचं पुढच्या हिवाळ्यात बघू."

"पुढच्या हिवाळ्यात जरूर या," आई म्हणाली, "पण कागद नकोत. तिळगूळ आणा."

वाद मिटला, असे आम्ही म्हणणार नाही. काकांचा वाटा न्याय्य आहे आणि आज ना उद्या तो द्यावाच लागेल. पण पिशवी न उघडता परत गेली, हेही खरे.

आई आता नव्वदीला टेकली आहे. फरशीचे कौतुक तिने आजवर शब्दांनी केलेले नाही. दिवाळीच्या पहाटे मात्र जुना तांब्याचा बंब चौकात पेटविण्याचा तिचा हट्ट कायम आहे. उघड्यावर पेटतो म्हणून आम्हीही हरकत घेत नाही. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात दही लागत नाही, ही येथल्या सर्व गृहिणींची तक्रार. गेल्या दोन-तीन वर्षांपासून आई रात्री विरजणाचे भांडे माजघराच्या फरशीवर, आपल्या अंथरुणाशेजारी, एके काळी शेगडी असे त्या जागी ठेवते. सकाळी दही घट्ट लागलेले असते. मग पाचाच्या सुमारास तिचे स्तोत्र जिन्यापर्यंत ऐकू येते, आणि आम्ही वरच्या गारठ्यात पांघरूण ओढून, ते संपेपर्यंत जागे राहतो.